झिजलेलं जुनं रिव्हॉल्व्हर: पॉलिशला हात घालण्याआधी काय काय ठरवायचं

अमेरिकेतल्या पॉन शॉपमध्ये काचेखाली बघितलंत तर एखादं जुनं स्मिथ अँड वेसन .३८ हमखास दिसतं. नळीच्या टोकाला आणि सिलिंडरच्या कडांना निळसर काळा रंग उडून पांढरं पोलाद उघडं पडलेलं, मुठीची लाकडी पट्टी कोपऱ्यात टवका उडालेली, फ्रेमवर बोटाच्या ठशाएवढा गंज. बहुतेक वेळा ते कुठल्यातरी पोलीस खात्याने किंवा सुरक्षा कंपनीने काढून टाकलेलं असतं. कातडी होल्स्टरमध्ये वर्षानुवर्षं आत-बाहेर होऊन रंग गेलेला असतो, पण गोळी फारशी झाडलेली नसते. किंमत आवाक्यातली वाटते म्हणून माणूस घेतो, आणि घरी आणल्याबरोबर डोक्यात येतं ते एकच: आता याला चकाचक करू.

थांबा. रिफिनिशिंग, म्हणजे जुना रंग काढून नवा चढवणं, हे भांड्याला कल्हई लावण्यासारखं वाटतं, पण तसं ते नाही. कल्हईत वर थर चढतो. इथे रंग चढवण्याआधी पोलादच घासून काढावं लागतं, आणि काढलेलं पोलाद परत येत नाही. रंग आज दिला काय, दहा वर्षांनी दिला काय, फरक पडत नाही; नळीवरची पुसट झालेली अक्षरं मात्र कुणीच भरून देत नाही. म्हणून या लेखातल्या पायऱ्या मुद्दाम अशा लावल्या आहेत की ज्याने काहीच बिघडणार नाही ते आधी, आणि जे मागे फिरवता येणार नाही ते सगळ्यात शेवटी. उदाहरणासाठी स्मिथ अँड वेसनचं ‘मिलिटरी अँड पोलीस’ घेतलंय. १८९९ मध्ये आलेलं हे मॉडेल १९५७ पासून ‘मॉडेल १०’ म्हणून ओळखलं जातं, आणि नवख्याच्या हाती बहुधा हेच पडतं.

सुरुवातीला दोन कायदेशीर गोष्टी

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना हे सांगायलाच हवं. तुम्ही एच-१बी, एफ-१ किंवा तशा कुठल्याही तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असणं हा त्यातला ठळक अपवाद. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. राज्याराज्यांचे नियम याहून वेगळे आणि कडक असू शकतात, तेव्हा मित्राचं जुनं रिव्हॉल्व्हर ‘जरा साफ करून देतो’ म्हणून घरी आणण्याआधी स्वतःचं बघून घ्या.

दुसरी गोष्ट सीरियल नंबरची. ३१ डिसेंबर १८९८ पर्यंत बनलेली बंदूक फेडरल कायद्यात ‘अँटिक’ धरली जाते, त्यानंतरची नाही. आपलं मिलिटरी अँड पोलीस १८९९ चं, म्हणजे जेमतेम रेषेच्या पलीकडचं. अशा बंदुकीवरचा नंबर घासून काढणं किंवा बदलणं हा फेडरल गुन्हा आहे. नंबर मुठीच्या तळाला असतो, आणि घामाने गंज धरण्याची आवडती जागाही नेमकी तीच. म्हणून तिथे पॉलिश पेपर फिरवायचाच नाही. खड्डे असतील तर असू देत.

आधी ते कोण आहे ते कळू द्या

बंदूक रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सिलिंडर उघडा, सहाही कप्पे मोजा, बोट घालून तपासा. आता उजेडात, भिंग घेऊन बसा.

सिलिंडर बाहेर झुकवल्यावर त्याला धरणारा जो आडवा हात दिसतो, त्याच्या मागे फ्रेमवर ‘मॉड. १०’ आणि पुढे एखादा आकडा ठोकलेला असेल तर तुकडा १९५७ नंतरचा. तसं काही नसेल तर सीरियल नंबरचं पहिलं अक्षर बघा. ‘व्ही’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं, १९४२ ते १९४५ मधलं ‘व्हिक्टरी मॉडेल’. युद्धानंतर ‘एस’ आला आणि १९४८ पासून ‘सी’. स्क्रू मोजा. जुन्या तुकड्यांत ते पाच असत. १९५५ च्या सुमाराला साइडप्लेटचा, म्हणजे फ्रेमच्या बाजूला बसणाऱ्या झाकणाचा, वरचा स्क्रू गेला आणि १९६१ च्या सुमाराला ट्रिगर गार्डच्या पुढचा. ‘फाइव्ह स्क्रू’ म्हणून संग्राहक जे उसासे टाकतात ते हेच.

मग नंबर जुळतात का ते बघा. युद्धापूर्वीच्या स्मिथवर तोच नंबर मुठीच्या तळाला, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या सपाट भागावर आणि उजव्या लाकडी पट्टीच्या आतल्या बाजूला सापडतो. पट्टीवर तो ठोकलेला असतो किंवा शिसपेन्सिलीने लिहिलेला असतो. पट्ट्या काढताना स्क्रू पूर्ण काढू नका, थोडा ढिला करून स्क्रूच्या डोक्यावर हलकेच दाबा, म्हणजे पलीकडची पट्टी सुटते. नखाने किंवा चाकूने उचकटलीत तर कोपऱ्याचा टवका उडणार. पहिल्या मालकाने तो कोपरा तसाच उडवलेला असतो, बघाल तुम्ही.

सगळे नंबर जुळले, पट्ट्यासुद्धा मूळच्या निघाल्या, तर तुमचा ‘चकाचक’चा बेत तिथेच निम्मा संपला असं माझं मत. एखाद्या तुकड्यामागे काही गोष्ट असावी असं वाटत असेल, म्हणजे एखाद्या पोलीस खात्याचा शिक्का, लष्करी तपासनिसाची खूण, नाव कोरलेलं, तर स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन पैसे घेऊन कारखान्याच्या नोंदींवरून पत्र देतं. कोल्ट या दुसऱ्या बंदूक कंपनीच्या बाबतीत हे काम कोल्टचा अर्काइव्ह विभाग करतो. पॉलिशवर खर्च करण्याआधी या पत्रावर खर्च करा. मूळ कोणतं फिनिश होतं, नळी किती इंची होती, माल कुठे रवाना झाला, हे त्यात येऊ शकतं, आणि मग तर्क लढवायची गरज उरत नाही.

चालतं का?

रूप नंतर. आधी हे हत्यार धड आहे की नाही ते कळायला हवं, कारण बिघडलेल्या यंत्रावर महागडं ब्लूइंग, म्हणजे तो निळसर काळा रंग, चढवणारे लोक मी पाहिले आहेत.

रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा हॅमर, म्हणजे मागचा घोडा, अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकंसं टेकवून थोडा अडथळा द्या. हॅमर पूर्ण मागे अडकण्याआधी सिलिंडर ‘टक्’ करून जागेवर बसलं पाहिजे. सहाही कप्प्यांवर हेच करा. एखाद्या कप्प्यावर हॅमर अडकला आणि सिलिंडर अजून जागेवर आलं नसेल तर टायमिंग गेलंय. मग हॅमर मागे अडकलेला असताना ट्रिगरला हात न लावता त्याला मागून अंगठ्याने पुढे ढकला. तो निसटला तर ते रिव्हॉल्व्हर झाडायच्या लायकीचं नाही, बंदूक-मिस्त्रीकडेच न्यायचं.

सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांच्या मापाने, मोजा. ०.००४ ते ०.०१० इंचाच्या दरम्यान असेल तर ठीक. सिलिंडर पुढे-मागे ढकललं की किती सरकतं तेही याच गेजने कळतं: पुढे ढकलून फट मोजा, मागे ढकलून मोजा, वजाबाकी करा. ०.००२ इंचापर्यंत काळजी नाही. नळीच्या मागच्या तोंडाला, विशेषतः खालच्या बाजूला, केसासारखी चीर आहे का ते भिंगाखाली बघा. नळीतून उजेडाकडे बघताना मध्येच गडद कडं दिसलं तर नळी फुगलेली असण्याची शक्यता आहे.

व्हिक्टरी मॉडेलबाबत एक खास इशारा. ब्रिटनला गेलेले तुकडे या मॉडेलच्या नेहमीच्या .३८ स्पेशल काडतुसाचे नव्हते, त्यांत ब्रिटिश .३८/२०० काडतूस चालायचं. ते आखूड पण किंचित जाड असतं. युद्धानंतर हजारो तुकडे अमेरिकेत परत आले आणि व्यापाऱ्यांनी कप्पे आतून लांब करून त्यांना ‘.३८ स्पेशल’ करून विकलं. अशा कप्प्यात स्पेशलचं काडतूस ढिलं बसतं, झाडल्यावर त्याचं पितळी कवच फुगतं, कधी फुटतं. नळी पाच इंचांवरून कापून दोन-तीन इंच केली असेल, पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, नंतर डकवलेली दिसत असेल, तर संशय घ्याच. आणि १९२० च्या सुमाराच्या आधीच्या स्मिथमध्ये सिलिंडर उष्णता-प्रक्रिया केलेलं नसतं, त्यात ‘प्लस पी’, म्हणजे जास्त दाबाची, काडतुसं कधीच नाहीत. मोडून भरायची, म्हणजे टॉप-ब्रेक पद्धतीची, एकोणिसाव्या शतकातली निकेलवाली खिसा-रिव्हॉल्व्हरं तर काळ्या दारूच्या काळातली आहेत. ती भिंतीवर शोभतात. तिथेच राहू देत.

आहे तो रंग मूळचा आहे का?

याचं उत्तर नीट मिळालं तर पुढचा निर्णय जवळजवळ आपोआप होतो. एकदा कुणीतरी रिफिनिश केलेल्या बंदुकीचं मूळपण आधीच गेलेलं असतं, तिला पुन्हा करायला मन खायचं कारण नाही. मूळ रंग चाळीस टक्के का होईना शिल्लक असेल तर तो जपण्याचा माल आहे. अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनने जुन्या बंदुकांच्या प्रतवारीची जी मोजपट्टी लावून दिलीय, तिच्यात अँटिक तुकडा ‘फाइन’ ठरायला तीस टक्क्यांहून जास्त मूळ फिनिश पुरतं. नव्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. त्याला वाटतं शंभर टक्के काळंभोर म्हणजेच चांगलं.

मूळ फिनिश ओळखायचं कसं? कडा बघा. कारखान्यात पॉलिश करणाऱ्या कारागिराच्या हातून सपाट भाग सपाट आणि कडा धारदार राहायच्या. नंतर कुणी बफिंग चाकावर धरलं असेल तर कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. स्क्रूच्या भोकांभोवती बघा: चाकाने तिथे बशीसारखी खोलगट जागा पडते. साइडप्लेट आणि फ्रेममधली रेघ बघा: मूळ स्मिथमध्ये ती शोधावी लागते, कारण प्लेट जागेवर बसवूनच पॉलिश होत असे. ती रेघ लांबूनच दिसत असेल तर कुणीतरी आधी येऊन गेलंय. नळीवरच्या अक्षरांच्या कडा बोटाला किंचित टोचल्या पाहिजेत.

हॅमर आणि ट्रिगर बघा. या जुन्या स्मिथवर ते केस-हार्डन, म्हणजे फक्त वरचा थर कडक केलेले, असत; त्यांवर तेलाच्या तवंगासारखे करडे-निळे-तपकिरी ढग असतात. ते काळे केलेले किंवा निकेल चढवलेले दिसले तर काम बाहेरचं. उलट, जुन्या टॉप-ब्रेक स्मिथवर अंगाला निकेल पण ट्रिगर गार्ड काळा, हीच कारखान्याची पद्धत होती. ट्रिगर गार्डही चकचकीत असेल तर मुलामा नंतरचा.

मुठीच्या तळाला नंबरशेजारी छोटा तारा ठोकलेला दिसला तर नाराज होऊ नका. ते रिव्हॉल्व्हर कधीतरी कारखान्यातच परत जाऊन दुरुस्त झालंय, त्याची ती खूण. पट्टीखाली फ्रेमवर महिना-वर्षाचे आकडेही सापडू शकतात. अशा कामाला संग्राहक बाहेरच्या कामापेक्षा बराच जास्त मान देतात.

आता ठरवा

मी तीन ढीग करतो.

पहिला ढीग: मूळ फिनिश, नंबर जुळलेले, किंवा काही इतिहास असलेले. यांना फक्त स्वच्छ करायचं, गंज थांबवायचा, मेण लावायचं. झिजलेला रंग झिजलेलाच राहू द्यायचा. होल्स्टरने घासलेलं नळीचं टोक हे दोष म्हणून बघायची सवय सोडा. ते त्या वस्तूच्या नोकरीचं पुस्तक आहे. व्हिक्टरी मॉडेलचं मंद करडं-काळं फिनिश आणि साध्या गुळगुळीत पट्ट्याही याच ढिगात. त्याला चकचकीत निळं करणं म्हणजे सरळ सरळ नासाडी.

दुसरा ढीग: कापलेल्या नळीचे, रिचेंबर केलेले (म्हणजे दुसऱ्या काडतुसासाठी कप्पे बदललेले), आधीच वाईट पॉलिश झालेले, गंजाने अंगभर खड्डे पडलेले. इथे संग्राहकाची किंमत उरलेलीच नाही. यांच्यावर हात बसवा, शिका, हवं ते फिनिश द्या.

तिसरा ढीग सगळ्यात अवघड: घरातलं. सासऱ्यांचं, मावसकाकांचं, कुणा शेजारी आजोबांनी प्रेमाने दिलेलं. बाजारभावाचा हिशेब इथे चालत नाही. तरीही माझा सल्ला असा की आधी पहिल्या ढिगाची वागणूक देऊन सहा महिने बघा. नुसतं साफ करून मेण लावल्यावर बरेचसे मालक रिफिनिशचा विषयच काढत नाहीत. ज्यांना तरीही ते ‘त्यांच्या हातात होतं तेव्हासारखं’ हवं असेल त्यांनी खुशाल करून घ्यावं, फक्त चांगल्या कारागिराकडून.

पैशांचं थोडक्यात: साधं मॉडेल १० रिफिनिश करायला लागणारा खर्च बहुधा त्याच्या वाढलेल्या किमतीतून वसूल होत नाही. विकण्यासाठी म्हणून रिफिनिश करत असाल तर करू नका.

गंज काढायची रीत

तांबूस, बोटाला भुकटी लागणारा गंज जिवंत असतो, तो पोलाद खात राहतो. गडद तपकिरी, घट्ट बसलेला, गुळगुळीत थर म्हणजे पॅटिना, तो बसलेला बरा. काढायचा तो पहिला.

हातात नायट्राइलचे मोजे घाला, कारण जुन्या बंदुकीच्या काजळीत शिसं असतं. लाकडी पट्ट्या बाजूला काढून ठेवा. पातळ तेल भरपूर लावून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी कांस्याच्या लोकरीने किंवा ०००० नंबरच्या बारीक पोलादी लोकरीने, तेलातच, अगदी हलक्या हाताने घासा. कोरडं घासायचं नाही. तेल तांबडं झालं की पुसा, नवं लावा, पुन्हा. ब्लूइंग उतरायला लागलं असं दिसलं की थांबा. निकेलवर पोलादी लोकर नकोच. तिथे मऊ कापड आणि तेल. निकेल केलेला भाग अमोनिया असलेल्या सॉल्व्हंटमध्ये भिजत ठेवू नका, कारण निकेलखाली तांब्याचा थर असेल तर अमोनिया तो खातो आणि मग निकेलचे पापुद्रे सुटतात.

व्हिनेगर, कोला, बाजारातलं गंज-नाशक द्रावण हे सगळं इंटरनेटवर सुचवलं जातं. ब्लूइंग हा स्वतःच लोहाचा एक ऑक्साइड आहे, त्यामुळे गंज विरघळवणारं रसायन बहुधा ब्लूइंगही सोबत घेऊन जातं. सकाळी ठेवलं आणि संध्याकाळी पांढरं रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं, असं व्हायला वेळ लागत नाही.

याहून एक सुंदर पद्धत आहे आणि नवख्यांना ती फारशी माहीत नसते: उकळणं. तांबडा गंज शुद्ध पाण्यात उकळला की त्याचं रूपांतर काळ्या मॅग्नेटाइटमध्ये होतं, म्हणजे ज्या पदार्थाचं ब्लूइंग बनलेलं असतं त्यातच. सगळे सुटे भाग तेलविरहित करा, अ‍ॅसिटोनने पुसा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धा तास उकळा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार डाग पाडतात. बाहेर काढल्यावर तांबडे ठिपके मखमली काळे झालेले दिसतील. तेल न लागलेल्या ०००० लोकरीने ती काळी भुकटी हलकेच झटकायची, आणि भाग कोमट असतानाच तेल चोळायचं. एक कण पोलाद न घासता, मूळ रंगाला धक्का न लावता गंज थांबतो. यासाठी बंदूक पूर्ण खोलावी लागते, इतकीच अट.

खोलण्याबद्दल: स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारा, समांतर पात्याचा बंदूक-मिस्त्रीचा स्क्रू-ड्रायव्हरच वापरा. घरातला निमुळता ड्रायव्हर खाचेतून घसरतो आणि शेजारी चकचकीत ओरखडा सोडतो. स्मिथची साइडप्लेट उजव्या बाजूला असते. स्क्रू काढल्यावर ती कधीही उचकटायची नाही. पट्ट्या काढून मुठीच्या फ्रेमवर ड्रायव्हरच्या लाकडी दांड्याने ठोके द्या, कंपनाने प्लेट आपणहून वर येते. कोणता स्क्रू कुठला ते कागदावर लिहून ठेवा, ते एकसारखे नसतात.

सगळं झालं की मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. ‘रेनेसाँ वॅक्स’ हे त्यातलं सर्वपरिचित नाव, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतल्या कामातून आलेलं. पहिल्या ढिगातल्या रिव्हॉल्व्हरचं काम इथे संपलं.

फिनिश द्यायचंच असेल तर कोणतं

बाटलीतलं कोल्ड ब्लू सगळ्यांना आधी भुरळ घालतं. त्यात सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असतात. थर अतिशय पातळ, होल्स्टरमध्ये लवकर उडणारा, आणि त्याला एक विशिष्ट वास येतो जो जाणकार नाकाने ओळखतात. स्क्रूचं डोकं, माशीची कड, एखादा ओरखडा एवढ्यासाठी ते ठीक आहे. अख्खं रिव्हॉल्व्हर त्याने रंगवलं की ढगाळ, ठिकठिकाणी वेगळं दिसतं. विषारीही आहे, मोजे आणि उघडी खिडकी हवीच.

हॉट ब्लूइंग हे आजचं रूढ काम. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या क्षारांचं द्रावण साधारण १४० अंश सेल्सिअसला उकळत असतं आणि त्यात भाग बुडवतात. त्यात पाण्याचा थेंब चुकीच्या पद्धतीने पडला तर ते अंगावर उसळतं. हे गॅरेजमध्ये करायचं काम नाही, पाठवायचं काम आहे. माशी किंवा दुसरा कोणताही भाग नरम झाळणीने जोडलेला असेल तर आधी सांगा. क्षार सांध्यात शिरतात आणि महिन्यांनी पांढरे फुटतात.

रस्ट ब्लू ही संयमाची पद्धत: मुद्दाम गंज चढवायचा, उकळून काळा करायचा, झटकायचा, पुन्हा. बरेच फेरे. वर सांगितलेल्या उकळण्याच्या पद्धतीचंच हे मोठं भावंड. घरी शिकण्याजोगं, टिकाऊ, रेशमी दिसणारं. दुसऱ्या ढिगातल्या रिव्हॉल्व्हरसाठी माझी पहिली पसंती याला. मात्र युद्धापूर्वीच्या स्मिथ किंवा कोल्टचा जो खोल निळा रंग आपल्याला मोहवतो तो भट्टीत, ‘कार्बोनिया’ तेलाच्या साहाय्याने आणलेला असायचा. तो रंग हुबेहूब हवा असेल तर तसं काम करणारे मोजकेच कारागीर आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या ब्लूमफील्डची टर्नबुल रिस्टोरेशन ही कार्यशाळा जुन्या पद्धतीच्या केस-हार्डनिंगसाठी आणि चारकोल ब्लूसाठी, म्हणजे कोळशाच्या भट्टीतल्या ब्लूइंगसाठी, नावाजलेली आहे. तिथलं काम कोल्ट सिंगल अ‍ॅक्शनसारख्या तुकड्यांवर शोभतं. साध्या मॉडेल १० साठी ते खर्चाच्या मानाने डोईजड.

निकेल: खड्डे झाकतं असा समज आहे. ते खड्डे उठून दाखवतं. शिवाय जुनं निकेल पापुद्रे सोडत असेल तर त्याला ठिगळ लावता येत नाही, सगळं उतरवूनच नवं चढवावं लागतं. स्प्रिंगना मुलाम्याच्या टाकीत घालू देऊ नका. आम्लातला हायड्रोजन पोलादात शिरून त्या ठिसूळ होऊ शकतात. पार्कराइझिंग, म्हणजे फॉस्फेटचा मंद करडा थर, लष्करी तुकड्यांना शोभतं, आणि खड्डे लपवण्याच्या बाबतीत खरं तर तेच सगळ्यांत उजवं आहे. सेराकोट वगैरे सिरॅमिक रंग कामाच्या बंदुकीसाठी उत्तम असतील. १९३० च्या रिव्हॉल्व्हरवर मला तरी बघवत नाहीत.

कारागिराशी काय बोलायचं

फिनिश चांगलं की वाईट हे रसायनाने ठरत नाही, त्याआधीच्या पॉलिशने ठरतं. म्हणून ‘कोणतं ब्लूइंग करता?’ याआधी ‘पॉलिश हाताने करता की चाकावर?’ हे विचारा. सपाट भागांना कडक ठोकळ्यावर ताणलेला पेपर लागतो, २२०, ३२०, ४०० असा चढत जाणारा, साइडप्लेट जागेवर बसवून. अक्षरांच्या भोवतीचे खड्डे राहिले तरी चालतील पण अक्षरं पुसू नका, हे लेखी द्या. हॅमर आणि ट्रिगर पॉलिश करायचे नाहीत, ब्लू करायचे नाहीत, हेही लिहा. त्यांचा कडक थर अगदी पातळ असतो, तो गेला की खाचा झिजतात आणि वर सांगितलेली अंगठ्याची चाचणी नापास होते. त्याने केलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरचे फोटो मागा आणि त्यांत रंगाकडे न बघता स्क्रूच्या भोकांकडे बघा.

अमेरिकेत तुमची बंदूक कामासाठी ठेवून घेणाऱ्या मिस्त्रीकडे फेडरल परवाना असावा लागतो. ती कशी पाठवायची हे त्यालाच विचारा. देण्याआधी सगळ्या बाजूंनी, नंबरासकट फोटो काढून ठेवा.

लाकडी पट्ट्यांचं थोडक्यात: जाळीदार नक्षी कधीही घासायची नाही. जुन्या दातांच्या ब्रशने आणि किंचित तेलाने मळ काढा, वर जवसाच्या तेलाचा एक पुसटसा हात. फुटलेल्या मूळ पट्ट्या फेकू नका, झाडण्यासाठी नव्या लावा आणि जुन्या पाकिटात नंबर लिहून ठेवा.

भारतात, घरच्या पेटीतलं वेब्ली

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. आजोबा सैन्यात, पोलिसांत किंवा संस्थानात होते, त्यांच्या परवान्यावरचं वेब्ली, म्हणजे ब्रिटिश बनावटीचं रिव्हॉल्व्हर, घरात आहे. इथे वरची बरीचशी पाककृती लागू नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्र दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो, आणि कलम ८ प्रमाणे नाव, नंबर, खुणा खोडणं किंवा बदलणं गुन्हा आहे. तेव्हा पुसणं, तेल, मेण एवढं तुमच्या परवान्यावरच्या शस्त्राला तुम्ही करा. पुढचं काम परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे, पावतीसकट. परवानाधारक वारले असतील आणि कुणाच्याच नावावर परवाना नसेल तर ‘आधी साफ करू, मग बघू’ असं अजिबात नको. कलम २१ नुसार ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं, आणि मग वारस म्हणून अर्ज. आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे.

ब्रिटिश लष्करी तुकड्यांवर काळा, जाडसर रंग फासलेला दिसला तर तो कुणा अडाण्याचं काम समजून खरवडू नका. महायुद्धाच्या काळापासून ब्रिटिश कारखाने दुरुस्तीनंतर भट्टीत भाजलेला काळा रंग देत. ‘एफटीआर’ ही अक्षरं म्हणजे कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झाल्याची खूण, आणि ‘आरएफआय’ म्हणजे इच्छापूरची रायफल फॅक्टरी. तो रंगही कारखान्यानेच दिलेला, म्हणून जपायचा.

ठेवायचं कसं

काम कोणतंही केलं असो, कातडी होल्स्टरमध्ये ठेवू नका. कातडं कमावताना वापरलेले क्षार आणि त्याने धरलेली ओल मिळून होल्स्टरच्या आकाराचा गंज पाडतात. फोमच्या पेटीतही नको, फोम दमट हवा धरून ठेवतो. सिलिकॉन लावलेला सुती मोजा, सोबत सिलिका जेलची पुडी, कुलूपबंद कपाट. कोकणासारख्या हवेत पुडी दर महिन्याला वाळवून घ्या, आणि हाताळल्यावर प्रत्येक वेळी बोटांचे ठसे तेलाच्या फडक्याने पुसून मगच आत ठेवा.